आठवडाभर राबून शरीरातच विरघळणारी बॅटरी: हे कितपत जमेल?

विद्युल्लता

हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली की पुढचे काही दिवस ठोक्यांचा भरवसा नसतो. म्हणून छाती बंद करण्याआधी सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा टाचून ठेवतात, त्यांची टोकं त्वचेतून बाहेर काढतात आणि बाहेरच्या पेसमेकरच्या खोक्याला जोडतात. हृदय मंदावलं तर खोकं विजेचे स्पंद देतं. हृदय सावरलं की तारा ओढून काढायच्या. बहुतेकांच्या बाबतीत हे सुखरूप पार पडतं, पण जिथे बिनसतं तिथे जिवावर बेततं. नील आर्मस्ट्राँग २०१२ साली हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेले. अशा तारा काढल्यावर आत रक्तस्राव सुरू झाला होता, हे नंतर जगभर छापून आलं.

तारा काढण्याची वेळच येऊ नये, यंत्र आत ठेवावं आणि काम झालं की तिथेच विरघळू द्यावं, ही कल्पना मला मनापासून पटते. विरघळणारे कृत्रिम टाके १९७० च्या सुमारास बाजारात आले. २०१२ साली जॉन रॉजर्स, फियोरेन्झो ओमेनेट्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की सिलिकॉनचा पापुद्रा पुरेसा पातळ केला तर तोही पाण्यात हळूहळू विरघळतो. म्हणजे ट्रान्झिस्टर, मॅग्नेशियमच्या वाहिन्या, रेशमाचा आधार असं सगळं मंडल (सर्किट) विरघळणारं बनवता येतं. प्रश्न उरला तो वीज कुठून आणायची हा.

कायमच्या पेसमेकरमध्ये १९७२ पासून लिथियम-आयोडीनची बॅटरी वापरात आली. ती टायटॅनियमच्या डबीत बंद असते आणि शरीराच्या ओलाव्याचा थेंबही आत जाऊ नये यासाठी सगळी कारागिरी असते. विरघळणाऱ्या बॅटरीत गणित उलटं. ओलावा आत यायलाच हवा, पण ठरल्या वेळी आणि ठरल्या वेगाने.

घटाची रचना म्हणाल तर शाळेत शिकलो तीच. एका बाजूला मॅग्नेशियम, ते इलेक्ट्रॉन देऊन झिजतं. दुसऱ्या बाजूला मॉलिब्डेनम, लोह किंवा टंगस्टन. मध्ये क्षारांचं पाणी. २०१४ साली लान यिन आणि रॉजर्स यांच्या गटाने अशी पूर्ण विरघळणारी बॅटरी बनवली. मॅग्नेशियम-मॉलिब्डेनमच्या एका घटाला अर्ध्या व्होल्टहूनही कमी दाब मिळतो, म्हणून त्यांनी चार घट एकावर एक रचून दीड व्होल्टच्या आसपास दाब मिळवला. पुढे २०१८ मध्ये मॉलिब्डेनम धातूऐवजी त्याचं ऑक्साइड वापरलेली बॅटरी आली. एकाच घटाला १.६ व्होल्टपर्यंत दाब आणि १३ दिवसांपर्यंत आयुष्य, असे तिचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत.

विरघळवणं हा आता मोठा प्रश्न उरलेला नाही असं माझं मत आहे. मॅग्नेशियम शरीरात टाकलं की जाणारच. अवघड आहे ते त्याला सातव्या दिवसापर्यंत थोपवून धरणं. या विषयात काम करणारे किंवा रुग्णांजवळ असणारे कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं. मला ऐकायचंय.

रात्रपाळी

विद्युल्लताताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूत नर्स आहे. तारा काढणं म्हणजे नेमकं काय ते लिहिते, कारण बाहेरून ते फारच किरकोळ वाटतं.

छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या बाजूला पोटाच्या वर तारांची टोकं बाहेर आलेली असतात. प्रथेप्रमाणे उजवीकडच्या तारा वरच्या कप्प्याच्या, डावीकडच्या खालच्या कप्प्याच्या. काढण्याआधी रक्त गोठण्याचे रिपोर्ट पाहायचे, रक्त पातळ करणारी औषधं कधी दिली ते पाहायचं, माणसाला आडवं झोपवायचं, मॉनिटर चालू ठेवायचा. त्वचेवरचा टाका कापून तार सरळ रेषेत, सावकाश, एकसारख्या जोराने ओढायची. हाताला हलकासा अडथळा लागतो आणि मग तार सुटते. तो सुटण्याचा क्षण मॉनिटरवर एखाद्या जादा ठोक्याच्या रूपाने दिसतो. त्यानंतर तासभर दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास बघत राहायचं. रक्तदाब उतरू लागला, मानेच्या शिरा फुगल्या, तर हृदयाभोवती रक्त साचतंय का याची धास्ती. तार सुटतच नसेल तर जोर लावायचा नाही. सर्जन ती त्वचेलगत कापून उरलेला तुकडा आतच राहू देतात.

शिवाय तारा असेपर्यंत माणूस त्या खोक्याला बांधलेला. कूस बदलताना, खुर्चीत बसताना, शौचाला जाताना सतत लक्ष त्या जोडणीकडे. लहान बाळांच्या बाबतीत तर विचारूच नका. शंभरात जवळपास एक बाळ हृदयातला काहीतरी दोष घेऊन जन्मतं. त्यातल्या ज्यांची शस्त्रक्रिया होते त्यांना असा आधार लागला तर तो सहसा आठवडाभर पुरतो. त्या आठवड्यासाठी एवढ्याशा छातीतून तारा बाहेर.

म्हणून हे यंत्र यावं असं मला फार वाटतं. पण माझी अट एकच आहे. सहाव्या रात्री तीन वाजता ते चालू आहे की नाही हे मला कळलं पाहिजे.

शंकेखोर

मूळ मुद्द्यावरच शंका आहे. बॅटरी हवीच कशाला? २०२१ मध्ये याच रॉजर्स यांच्या गटाने इगोर एफिमॉव्ह यांच्यासोबत बॅटरीविना चालणारा विरघळणारा पेसमेकर दाखवला होता. आत एक वेटोळं, बाहेर छातीवर दुसरं वेटोळं, आणि रेडिओलहरींनी वीज आत. जी वस्तू आत नाही ती बिघडणार नाही आणि विरघळवावीही लागणार नाही. बॅटरी आत घालून आपण नसता घोळ वाढवत नाही ना?

विद्युल्लता

शंकेखोर, रास्त प्रश्न आहे. बाहेरून वीज देण्यात एक सोय मोठी आहे: बाहेरचं यंत्र बिघडलं तर बदलता येतं. पण वेटोळ्याला आकार लागतो. ते लहान केलं की पकडलेली वीज घटते, आणि आत-बाहेरच्या वेटोळ्यांतलं अंतर वाढलं किंवा तोंड जरा फिरलं तरीही घटते. हृदय तर सतत हलणारा अवयव. त्यात विरघळणाऱ्या धातूची वेटोळी तांब्याइतकी चांगली नसतात.

एप्रिल २०२५ मध्ये याच गटाने 'नेचर'मध्ये जे यंत्र प्रसिद्ध केलं त्यात ते बॅटरीकडे वळले, आणि कारण आकारच. १.८ मिलिमीटर रुंद, ३.५ मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर जाड. तांदळाच्या दाण्याहून लहान. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंचे इलेक्ट्रोड आहेत आणि मधलं क्षारांचं पाणी म्हणजे शरीरातलाच द्रव. वेगळं वेटोळं नाही, बाहेरची तार नाही. चालू-बंद करण्यासाठी छातीवर एक पट्टी चिकटवायची. ठोका चुकला की पट्टी अवरक्त प्रकाशाचा झोत टाकते, तो त्वचा-हाडांतून पार होतो, आतला प्रकाशसंवेदी खटका मिटतो आणि घटाचा प्रवाह हृदयाला मिळतो. प्रकाश गेला की खटका उघडा. म्हणजे अक्कल बाहेर, ताकद आत. ही वाटणी मला फार आवडली, कारण जे गुंतागुंतीचं आहे ते बाहेर राहतं आणि आत फक्त विरघळेल एवढंच.

लहानमोठ्या प्राण्यांवर आणि मरणोत्तर दान केलेल्या मानवी हृदयांवर त्याची चाचणी झाली आहे.

शंकेखोर

पटलं. आकाराचा मुद्दा लक्षात आला नव्हता. मग पुढचा प्रश्न: एवढ्याशा दाण्यात आठवडाभराची वीज मावते?

गंजशास्त्र

मी धातूंच्या गंजण्यावर काम करतो, त्यामुळे या धाग्यात राहवत नाही. आधी शंकेखोर यांचा हिशोब.

एक स्पंद समजा ५ मिलिअँपियरचा, एक मिलिसेकंद टिकणारा, मिनिटाला ८०. सरासरी काढली तर प्रवाह ७ मायक्रोअँपियरच्या आसपास येतो. मंडलाची स्वतःची भूक धरून २० मायक्रोअँपियर घेऊ. सात दिवसांचे १६८ तास, म्हणजे सुमारे ३.४ मिलिअँपियर-तास. एक ग्रॅम मॅग्नेशियममधून तत्त्वतः २२०० मिलिअँपियर-तास मिळतात. तेव्हा दीड मिलिग्रॅम मॅग्नेशियम पुरेसं. निम्म्याहून जास्त वाया जातं असं धरून पाच मिलिग्रॅम घेतलं तरी ते तीन घनमिलिमीटरच्या आत बसतं. मावतं की!

खरी अडचण सरासरीची नाही, शिखराची आहे. एक मिलिसेकंदच का होईना, पण ५ मिलिअँपियर एकदम द्यायचे आहेत. बारक्या घटाचा अंतर्गत रोध जास्त असतो, एवढा प्रवाह मागितला की दाब कोसळतो. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर झिजेचा थर साचला की रोध आणखी वाढतो. म्हणून "क्षमता इतकी" हा आकडा वाचून मी कधीच समाधानी होत नाही. पाचव्या दिवशी किती प्रवाहाला दाब किती उरला, तो आलेख बघायला मागतो.

आता वाया जाण्याबद्दल. मॅग्नेशियम पाण्यात असताना दोन कामं एकाच वेळी करतं. एक, तारेतून इलेक्ट्रॉन पाठवतं, ती आपली वीज. दोन, तिथल्या तिथे पाण्याला इलेक्ट्रॉन देऊन हायड्रोजन सोडतं. हे दुसरं काम खटका उघडा असतानाही, म्हणजे हृदयाला प्रवाह जात नसतानाही, चालू असतं, त्याने वीज मिळत नाही, धातू मात्र संपतो. नेहमीच्या पाण्यात हायड्रॉक्साइडचा थर बसून गंज मंदावतो, पण शरीरातल्या द्रवात क्लोराइड भरपूर असतं आणि ते हा थर फोडत राहतं. गंमत म्हणजे जास्त प्रवाह खेचला तर हा नुसता गंजही कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. बाकी बहुतेक धातूंत असं दिसत नाही. मॅग्नेशियमवर काम करणाऱ्यांची निम्मी हयात याच कोड्यात जाते.

आणि एक इतिहास सांगितल्याशिवाय थांबवत नाही. १९०६ च्या सुमारास अल्बिन लाम्बोट या बेल्जियन सर्जननी मोडलेल्या पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती पोलादाच्या स्क्रूंनी आवळली. मॅग्नेशियम विरघळेल, पट्टी काढायची गरज पडणार नाही, हाच हेतू. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि त्वचेखाली वायू साचून पाय सुजला. दोन वेगळे धातू, मध्ये खारट द्रव, धातूला धातू टेकलेला: त्यांनी नकळत पायात एक बॅटरी बसवली होती, तीही दोन्ही टोकं जोडून टाकलेली. आज ज्याला आपण शोध म्हणतोय तो त्या काळी अपघात होता. रसायन तेच. तेव्हा नव्हतं ते नियंत्रण.

अनघा_के

वाचतेय. फार छान चर्चा. त्या वायूबद्दल धडकी भरली. हृदयाशेजारी हायड्रोजनचा फुगा झाला तर?

विद्युल्लता

अनघा, प्रमाण बघू. एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण झिजलं तर साधारण एक मिलिलिटर हायड्रोजन सुटतो. गंजशास्त्र यांच्या हिशोबातल्या पाच मिलिग्रॅमचे पाच मिलिलिटर, आणि तेही आठवडाभरात मिळून. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान, तो ऊतींतून चटकन पसरतो आणि रक्तातून फुप्फुसांमार्गे बाहेर जातो. तेव्हा संथ गतीने सुटला तर साचत नाही. एकदम सुटला तर साचतो. लाम्बोट यांच्या पट्टीत धातू कितीतरी जास्त होता आणि वेगही बेफाम होता.

म्हणून वायूचा प्रश्न हाही शेवटी वेगाचाच. ऑक्साइडचा कॅथोड वापरण्यात इथे आणखी एक फायदा मिळतो. तिथे इलेक्ट्रॉन पाण्याऐवजी ऑक्साइड घेतं, त्यामुळे त्या बाजूचा हायड्रोजन बराचसा टळतो.

प्रथमवर्ष

मी वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅग्नेशियम शरीरात असतंच हे शिकलोय. पण मॉलिब्डेनम? टंगस्टन? हे जड धातू नव्हेत का? ते रक्तात गेले तर विषारी नाहीत?

विद्युल्लता

मॅग्नेशियमची काळजी नको. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे २५ ग्रॅम असतं आणि रोजच्या जेवणातून ३०० ते ४०० मिलिग्रॅम लागतं. पाच मिलिग्रॅम त्यात कुठेच दिसणार नाही. मूत्रपिंडं चालत नसतील तर गोष्ट वेगळी, पण एवढ्या मात्रेला तेव्हाही फारसा अर्थ नाही.

मॉलिब्डेनमही शरीराला लागतं, काही विकरं त्याच्याशिवाय चालत नाहीत. रोजची गरज मात्र फक्त ४५ मायक्रोग्रॅम, आणि प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली वरची मर्यादा दिवसाला २ मिलिग्रॅम. एक चौरस सेंटिमीटरचा, १० मायक्रॉन जाडीचा पत्रा घेतला तर त्यात सुमारे १० मिलिग्रॅम मॉलिब्डेनम येतं. ते एका दिवसात विरघळलं तर मर्यादेच्या पाचपट. शंभर दिवसांत विरघळलं तर दिवसाला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या विसावा भाग. प्रत्यक्षात मॉलिब्डेनम फार सावकाश जातं, त्यामुळे हा आकडा सुरक्षित बाजूलाच राहतो.

टंगस्टनबद्दल मात्र मी हात राखून बोलेन. त्याची शरीराला गरज नाही. पर्याय असताना ते कशाला वापरायचं?

गंजशास्त्र

यातून एक गोष्ट निघते जी बातम्यांत कधीच येत नाही. बॅटरी 'संपते' तेव्हा संपतं ते मॅग्नेशियम. मॉलिब्डेनमचा पत्रा त्यानंतरही कित्येक महिने तिथेच असतो. विद्युत म्हणून मेलेली, पण वस्तू म्हणून शिल्लक. आणि तो पत्रा अखंड राहत नाही, कडेने खात-खात त्याचे कपटे होतात. विरघळून जाणारा अणू आणि सुटून फिरणारा कपटा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कपट्याभोवती पेशी गोळा होतात, सूज येते. म्हणून किती दिवसांत नाहीसं होतं एवढंच बघून चालत नाही, ते कोणत्या वाटेने नाहीसं होतं तेही बघावं लागतं. वैद्यकीय साधनांच्या जैविक तपासणीसाठी जी आयएसओ १०९९३ ही मानकमाला आहे तिच्यात धातूंच्या विघटनातून काय काय निघतं यावर वेगळा भागच आहे.

लोह वापरलं तर आणखी एक भानगड. लोह चुंबकीय आहे, एमआरआयच्या वेळी त्रास. मॅग्नेशियम, मॉलिब्डेनम, जस्त यांना ती अडचण नाही.

औषधवाला

एका बाजूबद्दल कुणीच बोललं नाहीये, ती म्हणजे शरीरात जाण्याआधीचे महिने. कारखान्यातून निघालेली वस्तू शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जायला वेळ लागतो. ही बॅटरी पाण्याने जागी होते, मग हवेतल्या दमटपणाने ती फडताळातच झिजायला लागली तर?

निर्जंतुकीकरणाचाही प्रश्न आहेच. १२१ अंशांच्या वाफेचा ऑटोक्लेव्ह इथे बाद: उष्णताही आहे आणि पाणीही. गॅमा किरण वापरले तर वरचं पॉलिमरचं आवरण दुबळं होतं. पॉलिलॅक्टिक, पॉलिग्लायकोलिक जातीच्या पॉलिमरच्या साखळ्या किरणांनी तुटतात आणि मग ते ठरल्याआधी विरघळतं. म्हणजे सात दिवसांचं आवरण चार दिवसांचं व्हायचं. उरतो इथिलीन ऑक्साइड वायू. पण त्या प्रक्रियेतही बहुधा ओलावा द्यावा लागतो आणि नंतर वायूचा अंश निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. माझ्या मते प्रयोगशाळेतून रुग्णालयात येताना गाडी अडेल ती इथे.

गंजशास्त्र

औषधवाला, तुमचा मुद्दा लाखमोलाचा. त्याला एक जुना दिलासा मात्र आहे. कोरडी ठेवायची आणि पाणी लागताच जागी होणारी मॅग्नेशियमची बॅटरी ही काही नवी चीज नाही. मॅग्नेशियम आणि चांदीच्या क्लोराइडची समुद्राच्या पाण्याने चालणारी बॅटरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॉर्पेडोंसाठी विकसित झाली. हवामानाच्या फुग्यांतही मॅग्नेशियमच्या अशाच बॅटऱ्या होत्या. त्या हवाबंद पाकिटात वर्षानुवर्षं टिकतात. गिळायच्या गोळीतला संवेदक तर याच रसायनावर चालतो. मॅग्नेशियम आणि तांब्याच्या क्षाराचे पातळ थर, पोटातलं आम्ल लागलं की थोडा वेळ वीज. अमेरिकेत २०१२ साली त्याला मंजुरी मिळाली. तेव्हा इलेक्ट्रोड कोरडे ठेवणं जमण्यासारखं आहे. आवरणाचं जे म्हणालात ते मात्र खरंच अवघड.

विद्युल्लता

आवरणाचाच धागा पुढे नेते, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. मॅग्नेशियमचा वेग फारसा आपल्या हातात नाही. मिश्रधातू करून थोडा फरक पडतो. आपल्या हातात आहे ते पाणी किती पोहोचू द्यायचं हे. पॉलिमर दोन तऱ्हेने झिजतात. काही आतूनबाहेरून एकदम भुसभुशीत होतात. पॉलिलॅक्टिक जातीचे तसे. काही पृष्ठभागावरून थराथराने जातात, आतला भाग शेवटपर्यंत शाबूत. पॉलिअनहायड्राइड या दुसऱ्या जातीतले, आणि २०१४ च्या त्या बॅटरीचं वेष्टन त्याचंच होतं. बॅटरीसाठी थराथराने जाणारंच हवं, म्हणजे थराची जाडी ठरवली की मुदत ठरली.

पण पाणी सगळ्यात आधी घुसतं ते सांध्यांतून. जिथे तार आवरणातून बाहेर पडते ती फट, जिथे दोन पापुद्रे चिकटवले ती कड. आवरण अजून अर्धं शिल्लक आणि कडेने आत मॅग्नेशियम काळं पडलेलं, असे नमुने फोटोंमध्ये सहज ओळखू येतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या यंत्रात शरीरातलाच द्रव वापरण्यामागे मला हे एक शहाणपण दिसतं. पाणी थोपवायचंच नाही, ते येणारच असं धरून इलेक्ट्रोडची जाडी ठरवायची.

रात्रपाळी

आत्ता ड्युटी संपवून सगळं वाचलं. माझ्या अनुभवातली एक गोष्ट या चर्चेत बसते.

तारा बसवल्यावर पहिल्या दिवशी हृदय अगदी थोड्या प्रवाहाला प्रतिसाद देतं. आम्ही रोज तपासतो: प्रवाह हळूहळू कमी करत जायचा आणि कुठे ठोका सुटतो ते पाहायचं. हा उंबरठा दिवसागणिक चढतो. तार टोचलेल्या जागी सूज येते, ऊती घट्ट होतात, आणि आधी ज्याच्या दुप्पट प्रवाह ठेवून निर्धास्त होतो तो पुरेनासा होतो. मग खोक्याचं बटण फिरवून वाढवायचा.

म्हणजे हृदयाची मागणी पाचव्या-सहाव्या दिवशी सर्वांत जास्त, आणि तुमची बॅटरी नेमकी तेव्हाच थकलेली. या दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात हे कुणी मोजलंय का, ते मला जाणून घ्यायचंय. बटण फिरवायची सोय विरघळणाऱ्या यंत्रात कशी असणार?

गंजशास्त्र

रात्रपाळीताई, या धाग्यातला हा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. प्रयोगशाळेत आम्ही स्थिर भार लावून बॅटरी रिकामी करतो. तुम्ही सांगताय तो भार वाढता आहे. चाचणी तशीच व्हायला हवी: दिवसागणिक मागणी चढवत न्यायची. आणि तीही नुसत्या क्षारांच्या पाण्यात नव्हे. साध्या फॉस्फेटच्या द्रावणात मॅग्नेशियम एका तऱ्हेने झिजतं, रक्तद्रवातल्या प्रथिनांसोबत दुसऱ्या तऱ्हेने. प्रथिनं पृष्ठभागाला चिकटतात, कॅल्शियम-फॉस्फेटचा थर बसतो, वेग बदलतो. जखमेभोवती सूज असेल तर तिथलं आम्लपण वाढतं आणि झीज वेगाने होते. काचपात्रातला तेरावा दिवस आणि शरीरातला तेरावा दिवस एक धरू नयेत.

शंकेखोर

हे सगळं वाचून माझी शंका उलट वाढली. जिथे ठोका चुकला की जीव जातो तिथे ही बॅटरी पहिल्यांदा का वापरायची? जिथे बंद पडली तरी माणसाचं काही बिघडणार नाही अशा जागेपासून सुरुवात का नाही?

विद्युल्लता

मलाही तेच योग्य वाटतं, आणि अशा जागा आहेत. २०१८ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये विरघळणारा मज्जातंतू-उत्तेजक प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पायातला कापलेला मज्जातंतू शिवून त्याभोवती हा पट्टा गुंडाळला आणि रोज तासभर विजेचे स्पंद दिले. जास्त दिवस स्पंद मिळालेल्यांचे स्नायू लवकर आणि चांगले सावरले. त्यात वीज बाहेरून दिली होती. पण विचार करा, इथे रोज फक्त तासभर काम आहे. एखादा दिवस चुकला तर सुधारणा थोडी मंदावेल, जीव जाणार नाही. शस्त्रक्रियेनंतर डोक्यातला दाब मोजणारे विरघळणारे संवेदकही २०१६ पासून प्राण्यांमध्ये तपासले गेले आहेत. ठरल्या वेळी औषधाची कुपी उघडणं हे तिसरं काम. एकदाच वीज लागते, तीही क्षणभर.

मी निवडायची तर मज्जातंतूपासून सुरुवात करीन.

प्रथमवर्ष

पुन्हा चार्ज होणारी विरघळणारी बॅटरी नसते का? म्हणजे बाहेरून अधूनमधून भरायची.

गंजशास्त्र

मॅग्नेशियम पाण्यात असताना उलट दिशेने बसवता येत नाही, मॅग्नेशियमऐवजी हायड्रोजनच सुटतो. जस्तात ते काही अंशी जमतं. वेगळ्या वाटेचं उदाहरण म्हणजे कार्नेगी मेलनमधल्या क्रिस्टोफर बेटिंगर यांच्या गटाचं २०१३ चं काम. कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईतलं मेलॅनिन त्यांनी इलेक्ट्रोड म्हणून वापरलं, सोडियमच्या आयनांवर चालणारं. क्षमता कमी, पण द्रव्य शरीराच्या ओळखीचं. फार सुंदर काम आहे, जरूर वाच.

पण आठवडाभराच्या कामासाठी पुन्हा भरायची सोय हवी कशाला? त्यापेक्षा दोन मिलिग्रॅम मॅग्नेशियम जास्त घालावं.

औषधवाला

गंजशास्त्र, जास्त मॅग्नेशियम घालणं म्हणजे काम संपल्यावरही काही दिवस आत जिवंत घट राहणं. विद्युल्लताताई म्हणतात त्या मज्जातंतूला चालेल. हृदयाला चालेल?

गंजशास्त्र

प्रश्न अगदी योग्य. खटका उघडा असेपर्यंत चालेल. धोका आहे तो विरघळताना खटकाच आधी निकामी होऊन मिटलेला राहिला तर. मग घट सतत प्रवाह देत राहील. म्हणून क्रम ठरवावा लागतो: आधी जोडणी तुटावी, मग घट जावा, खटका सगळ्यांत शेवटी. जोडणीची मॅग्नेशियमची वाहिनी एका जागी मुद्दाम पातळ ठेवली तर तिथेच ती पहिल्यांदा तुटते आणि पुढचं सगळं निर्धोक होतं. रचनेत हे पहिल्या दिवसापासून असायला हवं. नंतर ठिगळ म्हणून लावता येणार नाही.

रात्रपाळी

आणि ती तुटली हे बाहेर कळायला हवं. छातीवर पट्टी असणारच आहे, तर तिनेच दर तासाला एक चाचणीचा स्पंद मागावा. स्पंदाची उंची ईसीजीवर दिसते. ती उतरत चालली की पट्टीने आवाज करावा, तोही स्पंद बंद पडण्याच्या एक दिवस आधी. तेवढा अवधी मिळाला तर आम्ही शिरेतून तात्पुरती तार घालून रुग्णाला सांभाळून घेऊ शकतो. तो एक दिवस जो कुणी खात्रीने देईल त्याचं यंत्र मी माझ्या वॉर्डात आनंदाने वापरेन.

विद्युल्लता

रात्रपाळीताई, तुमची ही अट आणि वाढत्या भाराची चाचणी, दोन्ही मी मूळ लेखात वर जोडते. विरघळणाऱ्या बॅटरीवर प्रकल्प करणारे विद्यार्थी इथे येतात, त्यांना आधी हेच दिसू दे.